व्हिसा म्हणजे वहिवाट नव्हे

गोष्ट २०२० सालच्या जुलै महिन्यातली. त्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींवर तक्रारी येत होत्या. तोंडाला रुमाल बांधून आणि खिशात सॅनिटायझरची बाटली ठेवून आम्ही विस्तार अधिकारी शेतोशेत पाहणी करत हिंडत होतो. जिंतूर तालुक्यातल्या एका गावी अशीच पाहणी आटोपली. पंचनाम्यावर सह्या झाल्या आणि शेतमालकाने चहाला थांबवून घेतले.

आखाड्यावर लिंबाच्या सावलीत बाजेवर एक तरुण बसला होता. मोबाइलमध्ये डोके घालून वहीत काहीतरी उतरवून घेत होता. मधूनच उठायचा, फोन उंच धरून बांधापर्यंत जायचा आणि परत यायचा.

"हा आमचा धाकटा," मालक म्हणाले. "चीनमध्ये डॉक्टरकी शिकतो."

"चीनमध्ये शिकतो आणि इथे कसा?"

"जानेवारीत सुट्टीला आला, तो आलाच. आता शाळा मोबाइलवर. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं. तिकडं आठला तास सुरू झाला की इकडं साडेपाच वाजलेले असतात. आई चुलीवर चहा टाकते अन् हा फोन घेऊन रेंज हुडकत बसतो."

मग थोडे थांबून ते म्हणाले, "साहेब, तुम्ही शिकलेले आहात म्हणून इचारतो. फी भरलेली, पोरगा पास झालेला, पासपोर्टावर त्यांचाच शिक्का. मग दार कसं काय लावलं त्यांनी? दोन एकर रान गेलं ह्या शिक्क्यापायी."

सोयाबीन का उगवले नाही ते मला सांगता येत होते. आदल्या काढणीत पाऊस झाला, बी भिजले, मळणीत टरफलाला मार बसला, पेरा खोल पडला. पण दार का लागले, याचे उत्तर त्या दिवशी माझ्याजवळ नव्हते. "दादा, माहिती काढून सांगतो," एवढेच म्हणून उठलो. पुढे त्या घराशी संबंध राहिला, कागद वाचले, जाणत्यांना विचारले. आज आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मुले शिकायला, कामाला, संसाराला परदेशी आहेत. कोणी आखातात, कोणी अमेरिकेत, कोणी वैद्यकीच्या शिक्षणासाठी आणखी कुठे. म्हणून जे समजले ते इथे सांगतो.

पासपोर्ट आपला, व्हिसा त्यांचा

पुष्कळ घरांत हे दोन कागद एकच समजतात. पासपोर्ट देते आपले सरकार. हा माणूस आमचा नागरिक आहे, एवढे तो सांगतो. व्हिसा देते ज्या देशात जायचे तिथले सरकार. अमुक कामासाठी, अमुक मुदतीत आमच्या दारात यायला हरकत नाही, एवढेच तो सांगतो.

आपल्या भाषेत सांगायचे तर शेजाऱ्याच्या शेतातून गाडी नेण्याची ही परवानगी आहे. वर्षानुवर्षे त्याच वाटेने गेलो तर आपण म्हणतो, आता वहिवाट झाली, आता हा आमचा हक्क. तहसीलदाराकडे अर्जही करता येतो. व्हिसाचे तसे नाही. दहा वर्षे ये-जा केली तरी त्याची वहिवाट होत नाही. शिक्का असला तरी दारातला अधिकारी परत पाठवू शकतो आणि त्या देशाच्या सरकारने ठरवले तर दिलेला व्हिसा एका हुकुमाने थांबतो. एरवी असे फारसे घडत नाही, म्हणून आपल्याला त्याचा विसर पडतो. महामारीने त्याची आठवण करून दिली.

एका महिन्यात दारे लागली

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना ही महामारी असल्याचे जाहीर केले. त्याच दिवशी आपल्या भारत सरकारने हुकूम काढला, की राजदूत वगैरेंचे, नोकरीचे व असे थोडे प्रकार सोडून इतर सर्व परदेशी लोकांचे व्हिसा १३ मार्चपासून स्थगित. १९ मार्चला संयुक्त अरब अमिरातीने, म्हणजे दुबई-अबुधाबीच्या सरकारने, रहिवासाचा पक्का परवाना असलेल्या पण त्या वेळी देशाबाहेर असलेल्या लोकांनाही यायला बंदी केली. २३ मार्चपासून भारतात परदेशी प्रवासी विमाने उतरणे बंद झाले. २८ मार्चपासून चीनने परदेशी लोकांचे चालू व्हिसा व रहिवास परवाने असले तरी प्रवेश थांबवला. आमच्या जिंतूरच्या मुलाचे दार लागले ते या दिवशी.

दार आधी आपणही लावले होते, हे ध्यानात घ्यावे. रोगाची साखळी तोडायची तर येणारी माणसे थांबवायची, असा विचार सगळ्यांनीच केला. त्यात आपलीच माणसे अडकली. आपल्याकडून अमेरिकेत जाऊन तिथले नागरिक झालेल्या लोकांजवळ ओसीआय नावाचे कार्ड असते. त्यावर त्यांना जन्मभर व्हिसावाचून भारतात येता येते. ती सवलतही या हुकुमात थांबली. ७ मे २०२० पासून अडकलेल्या भारतीयांना आणण्यासाठी 'वंदे भारत' विमाने सुरू झाली, तेव्हा एक मोठाच पेच उभा राहिला. नोकरीच्या व्हिसावर तिकडे गेलेले आईबाप भारतीय, पण तान्हे बाळ तिथे जन्मले म्हणून कागदोपत्री अमेरिकेचे नागरिक. आईबापांना विमानात जागा, पण बाळाला परवानगी नाही. अशी कुटुंबे विमानतळावरून परत गेली. अखेर २२ मे रोजी सरकारने नियम सैल केला आणि भारतीय आईबापांची अशी लहान मुले, घरात मृत्यूसारखा प्रसंग ओढवलेले कार्डधारक, वगैरेंना यायची मुभा दिली. सगळ्या ओसीआय कार्डधारकांना वाट मोकळी झाली ती ऑक्टोबर २०२० मध्ये.

आत असलेल्याला मुदत, बाहेर असलेल्याला थांबा

सगळ्या देशांचे नियम समोर ठेवून पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. जो परका माणूस दाराच्या आत होता, त्याला बहुतेक सरकारांनी सांभाळून घेतले. जो बाहेर होता, त्याचे कागद कितीही पक्के असोत, त्याला थांबावे लागले.

आपल्या देशात अडकलेल्या परदेशी लोकांचा व्हिसा संपला तरी सरकारने त्यांची मुदत दंड न घेता वाढवली. ही वाढ पुढे २०२१ च्या सप्टेंबरपर्यंत मिळत राहिली. इंग्लंडने अडकलेल्यांची मुदत आधी मे अखेरपर्यंत आणि मग ३१ जुलै २०२० पर्यंत वाढवली. अमिरातीने १ मार्चनंतर संपलेले परवाने वर्षअखेरपर्यंत चालतील असे सांगितले. पण जुलैमध्ये तो निर्णय फिरवला आणि ठराविक मुदतीत नूतनीकरण करून घ्या म्हणून कळवले. जे पहिली बातमी ऐकून निर्धास्त झाले आणि दुसरी बातमी ज्यांच्या कानावर आली नाही, त्यांची धावपळ झाली. महामारीत सवलत जशी एका रात्रीत आली, तशीच एका रात्रीत गेलीही.

अमेरिकेत ६ जुलै २०२० रोजी एक फर्मान निघाले. ज्या परदेशी विद्यार्थ्यांचे सगळे वर्ग घरबसल्या संगणकावर चालतील, त्यांनी देश सोडावा. हार्वर्ड आणि एमआयटी या विद्यापीठांनी कोर्टात धाव घेतली आणि १४ जुलैला सरकारने ते मागे घेतले. आठ दिवसच, पण त्या आठ दिवसांत इकडच्या किती आयांना झोप लागली नसेल!

आता एक जवळचे उदाहरण. सेलूकडचे माझ्या माहितीतले एक निवृत्त गुरुजी आणि त्यांच्या पत्नी मुलाकडे नातवाच्या बाळंतपणासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेला गेले. शेत बटईने दिलेले. एप्रिलमध्ये परत यायचे तर मार्चमध्ये विमाने बंद. गुरुजी मला फोनवर म्हणाले, "आम्हाला काळजी नाही. आमचा व्हिसा दहा वर्षांचा आहे." हाच गैरसमज फार घरांत असतो. व्हिसाची दहा वर्षे ही दारापर्यंत जाण्याची मुदत. आत किती दिवस राहायचे ते तिथे उतरल्यावर ठरते आणि आय-९४ नावाच्या नोंदीत ती तारीख लिहिलेली असते. पाहुण्यांना बहुधा सहा महिने मिळतात. ती तारीख ओलांडून एकशे ऐंशी दिवसांपेक्षा जास्त राहून मग निघाले, तर तीन वर्षे पुन्हा प्रवेश नाही. एक वर्ष किंवा त्याहून जास्त झाले तर दहा वर्षे नाही. सुदैवाने गुरुजींच्या सुनेला हे ठाऊक होते. तिने तारीख उलटण्यापूर्वीच मुदतवाढीचा अर्ज भरला. वेळेत अर्ज केलेला असला की त्याचा निकाल लागेपर्यंत ते दिवस बेकायदा धरत नाहीत. ऑगस्टमध्ये दोघे सुखरूप घरी आले. रब्बीचा हिशोब बटईदाराने चोख ठेवला होता, ही आणखी एक चांगली गोष्ट.

जिंतूरच्या घरातली अडीच वर्षे

पण आमचा जिंतूरचा मुलगा दाराबाहेर होता. चिनी नववर्षाच्या सुट्टीसाठी तो जानेवारीत घरी आला. येताना जाड कपडे आणि निम्मी पुस्तके वसतिगृहातच ठेवून आला होता. सप्टेंबर २०२० मध्ये चीनने दार थोडे किलकिले केले, ते नोकरीचे आणि कुटुंबाचे परवाने असलेल्यांसाठी. विद्यार्थी त्यात नव्हते. महामारीपूर्वी सुमारे तेवीस हजार भारतीय विद्यार्थी चीनमध्ये शिकत होते. त्यांतले बहुतेक वैद्यकीचे. ते जवळजवळ सगळे असेच घरी बसले.

त्यात २९ जून २०२० रोजी आपल्या सरकारने एकोणसाठ चिनी अॅपवर बंदी घातली. वुईचॅट त्यांतलेच एक. विद्यापीठाच्या सूचना, सरांचे निरोप, परीक्षेच्या तारखा सगळे त्यावरच यायचे. दोन देशांच्या भांडणात ह्या पोराची वही कोरी राहायची वेळ आली. मित्रांच्या मदतीने काहीबाही वाट काढून तो शिकत राहिला.

घरची स्थिती सांगायची तर दोन एकर विकून पहिल्या वर्षांची फी गेली होती, वर बँकेचे शैक्षणिक कर्ज. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेच्या सवलतीने हप्ता थांबवता येत होता. त्यांनी थांबवला. पण हप्ता थांबला म्हणजे व्याज थांबत नाही, हे पासबुक पाहिल्यावर कळले. मुलगा सकाळी तास ऐकायचा आणि दुपारी वडिलांबरोबर फवारणी करायचा. गावात लोक "डॉक्टर" म्हणून हाक मारायचे. आधी ते कौतुक होते, पुढेपुढे त्यात थट्टा मिसळू लागली. त्याची आई मला एकदा म्हणाली, "भाऊ, पीक गेलं तर माणूस पुढच्या साली पेरतो. पोराचं वय कुठून परत आणायचं?"

मोबाइलवर हाडांची नावे पाठ होतात, पण रोग्याच्या पोटाला हात लावल्याशिवाय डॉक्टर होत नाही. हे आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचेही म्हणणे होते. फक्त ऑनलाइन शिकलेले वैद्यकीय शिक्षण मान्य नाही, असे आयोगाने फेब्रुवारी २०२२ मध्ये पुन्हा बजावले. म्हणजे तिकडचे दार बंद आणि इकडे घरच्या शिक्षणाला किंमत नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने २९ एप्रिल २०२२ रोजी अशा विद्यार्थ्यांसाठी योजना आखायला आयोगाला सांगितले. त्यावर जुलैत आयोगाने शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि ३० जून २०२२ पर्यंत पदवी मिळालेल्या मुलांना तपासणी परीक्षेला बसू दिले. मात्र पुढे एकाऐवजी दोन वर्षे रुग्णालयात उमेदवारी करण्याची अट घातली. आमचा मुलगा २०१८ साली दाखल झालेला, त्यामुळे ह्या सवलतीत बसला नाही.

अखेर २४ ऑगस्ट २०२२ पासून चीनने विद्यार्थ्यांचे व्हिसा पुन्हा सुरू केले. मार्च २०२० पासून मोजा, जवळजवळ अडीच वर्षे. जुना परवाना तोवर संपलेला, म्हणजे सगळे कागद नव्याने करावे लागले. थेट विमान नव्हते. तिसऱ्या देशातून फिरून जायचे आणि तिकीट नेहमीच्या कितीतरी पट. त्यासाठी एक बैलजोडी आणि आईच्या पाटल्या गेल्या. तिथे उतरल्यावर आधी काही दिवस विलगीकरणाच्या खोलीत. पण तो गेला, राहिलेली दोन वर्षे प्रत्यक्ष रुग्णालयात पुरी केली आणि २०२४ साली पदवी घेऊन परतला. तपासणी परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाला. आज तो आपल्याच भागात रुग्णालयात आंतरवासिता करतो. वडिलांनी विकलेले रान परत आलेले नाही. पण ते म्हणतात, "झालं ते झालं. फक्त कोणी आधी सांगितलं असतं तर सगळंच एका डावावर लावलं नसतं."

आपल्या खंडपीठातला एक निकाल

परका माणूस दाराच्या आत असला तरी त्याला आपला व्हिसा कोणत्या कामाचा आहे हे ठाऊक असावे लागते. याचे उदाहरण आपल्याच भागातले आहे. मार्च २०२० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात तबलिगी जमातीबरोबर आलेल्या एकोणतीस परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल झाले. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, इंडोनेशिया अशा देशांतले हे लोक पर्यटक व्हिसावर आले होते. व्हिसाच्या अटी मोडल्या आणि रोग पसरवला, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी हे गुन्हे रद्द केले. परदेशी पाहुण्याने धार्मिक स्थळी जाण्यास व प्रवचन ऐकण्यास व्हिसाच्या नियमांत मनाई नाही, असे न्यायालयाने दाखवून दिले. संकटाच्या काळात परक्या माणसांना बळीचा बकरा केले जाण्याची शक्यता असते, असेही म्हटले. परभणी जिल्हा याच खंडपीठाखाली येतो. आपली मुले दुसऱ्यांच्या गावी परकीच असतात. तिथे त्यांना कोणी न्यायाने वागवावे असे वाटते, तर आपल्या दारी आलेल्या परक्यालाही तोच न्याय लागू, हे विसरू नये.

कागदांची उगवण चाचणी

पेरणीपूर्वी आम्ही सांगतो, की शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवा आणि सत्तर उगवले तरच ते बी पेरा. मूल परदेशी पाठवण्याआधी कागदांचीही अशीच चाचणी घ्यावी.

१. तीन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवा. पासपोर्ट कधी संपतो, व्हिसा कधी संपतो आणि तिथे राहण्याची परवानगी कधी संपते. ह्या तिन्ही वेगळ्या असतात. पासपोर्टात किमान सहा महिने शिल्लक असावेत.

२. व्हिसा कशाचा आहे ते वाचा. फिरण्याच्या व्हिसावर नेऊन नोकरी लावून देतो म्हणणारा दलाल मुलाला बेकायदा ठरवून मोकळा होतो. आखातात मजुरीला जायचे असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट यादीत नोंदलेलाच एजंट पाहा.

३. सुट्टीला घरी येण्याआधी विचारा, की किती दिवस बाहेर राहिले तर परवाना रद्द होतो. अमिरातीत सर्वसाधारणपणे सहा महिन्यांची मर्यादा आहे. महामारीत तिला सूट मिळाली, पण दर वेळी मिळेल असे नाही.

४. मुदत संपण्याआधी अर्ज करा. संकट कितीही मोठे असो, वेळेत केलेला अर्ज माणसाला तारतो. उशिरा केलेल्या अर्जाला सबब लागते.

५. वैद्यकीला पाठवत असाल तर आयोगाचे २०२१ चे नियम वाचून घ्या. नीट परीक्षा, इंग्रजीतून शिक्षण, एकाच संस्थेत किमान चोपन्न महिन्यांचा अभ्यासक्रम आणि तिथेच बारा महिन्यांची उमेदवारी लागते. परतल्यावर तपासणी परीक्षा असते. २०२१ साली तिच्यात बसलेल्या चौघांत एकही धड पास होत नव्हता.

६. मुलाने तिथल्या भारतीय दूतावासात नाव नोंदवावे. सगळ्या कागदांच्या प्रती घरी, पेटीत ठेवाव्यात. तक्रार असेल तर परराष्ट्र मंत्रालयाची 'मदद' नावाची व्यवस्था आहे.

७. सगळे रान एका डावावर लावू नका. एक वर्ष काहीच आले नाही तरी घर आणि हप्ता चालेल, एवढे हाताशी ठेवूनच पाऊल उचला. कोरडवाहू शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

८. आपल्या घरी परदेशी नागरिक पाहुणा आला तर चोवीस तासांच्या आत त्याची नोंद करायची असते. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असते. जावई असला तरी त्याचा पासपोर्ट कोणत्या देशाचा ते आधी पाहावे आणि तिथे चौकशी करावी.

मुलांना बाहेर पाठवूच नका, असे मी म्हणत नाही. आपल्या रानात सगळ्यांना पुरेल एवढे उरलेले नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? जाऊ द्या त्यांना. फक्त परक्याच्या बांधावरून गाडी न्यायची तर परवानगी कशाची आणि कुठवर आहे ते पाहून न्यावी, आणि वाट अडली तर रात्र काढता येईल एवढी भाकर बरोबर बांधावी.

गेल्या महिन्यात जिंतूरकडे गेलो होतो. दादांनी यंदा घरच्या बियाण्याची चाचणी आधीच घेतली होती. गोणपाट उलगडून दाखवत म्हणाले, "मोजा साहेब." मी मोजले. शंभरात एक्क्याऐंशी उगवले होते.